दार उघडे असताना

"सर, बाहर तो हवा थी ना? फिर दरवाज़ा खोल के निकले क्यों नहीं?"

हा प्रश्न आठवीच्या वर्गातला. विचारणारा मुलगा शेवटच्या बाकावरचा, रोज प्रार्थना संपल्यावर शाळेत पोहोचणारा. ऑगस्ट २०२५ मध्ये वर्तमानपत्रातली एक बातमी मी मुलांना उर्दूत सांगत होतो. लडाखमध्ये त्सो कार नावाचे खारे सरोवर आहे. त्याच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून ४५३० मीटर उंचीवर, घुमटासारखी दोन घरे उभारली होती. एक आठ मीटर व्यासाचे, माणसांनी राहण्यासाठी. दुसरे पाच मीटरचे, यंत्रे आणि इतर व्यवस्थेसाठी. दोन्ही आतून जोडलेली. १ ते १० ऑगस्ट असे दहा दिवस दोन माणसे तिथे चंद्रावर किंवा मंगळावर असल्यासारखी राहिली. बंगळुरूच्या प्रोटोप्लॅनेट कंपनीने तो तळ उभारला होता आणि इस्रोचे त्याला पाठबळ होते. तळाचे नाव 'होप', म्हणजे उमेद.

मुलाला मी उत्तर दिले, "प्रॅक्टिस है बेटा." वर्ग पुढे सरकला. घंटा झाली. पण माझे उत्तर मलाच पटले नव्हते. चंद्रावर हवा नाही म्हणून तिथे दार उघडता येत नाही. लडाखात हवा आहे, विरळ का होईना. मग न उघडण्यात काय अर्थ आहे? ज्या संकटातून वाटेल तेव्हा बाहेर पडता येते ते संकट म्हणायचे का? आणि ते संकट नसेल तर दहा दिवस ते आहे असे मानून राहणे हे खोटे वागणे ठरत नाही का? मुलाने विचारले होते एका वाक्यात, मला मात्र त्याच्यामागे प्रश्नांची रांग दिसू लागली.

आपल्या मराठीत एक म्हण आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. या हिशेबाने पाहिले तर चंद्राचे सोंगही अर्धेच आणता येते. चंद्रावर आपले वजन सहाव्या हिश्श्यावर येते. ते लडाखात कसे आणणार? तिथे जवळपास चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस रात्र. तेही आणता येत नाही. तिथली धूळ वाऱ्यापाण्याने कधी झिजलेली नाही, म्हणून ती काचेच्या चुऱ्यासारखी धारदार. अपोलो १७ चे भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना त्या धुळीने शिंका आल्या होत्या, नाक चोंदले होते. त्सो कार निवडले गेले ते तिथे अतिनील किरणे तीव्र आहेत, हवेचा दाब कमी आहे, थंडी कडाक्याची आहे आणि जमीन खारी, गोठलेली आहे म्हणून. म्हणजे काही गोष्टी जुळतात, बऱ्याच जुळत नाहीत.

जे आणता येते ते दुसरेच आहे. अरुंद जागा, मोजके पाणी, रोज तेच चेहरे, बाहेर पाऊल टाकण्याआधीचा थांबा. अमेरिकेत युटा राज्याच्या वाळवंटात मंगळावरच्या वस्तीचा एक तळ गेली पंचवीसएक वर्षे आहे. तिथे सहा-सात जणांची तुकडी साधारण दोन आठवडे राहते. बाहेर जायचे तर अंगावर पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण. दोन दारांच्या मधल्या छोट्या खोलीत काही मिनिटे गप्प उभे राहायचे, जणू आतली हवा बाहेर काढली जाते आहे. हवा कुठेच काढली जात नाही. उभे राहणाऱ्याला ते माहीत असते. तरी तो उभा राहतो.

हे सारे परदेशातलेच आहे असे समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने लेह येथे अशी पहिली मोहीम सुरू केली. तिच्यात आका स्पेस स्टुडिओ आणि लडाख विद्यापीठाबरोबर आपली मुंबईची आयआयटीही होती. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा असे आपल्या देशाचे उद्दिष्ट आहे. आणि चंद्र आपल्याला तसा परकाही नाही. चंद्रावर जे काळे डाग दिसतात तो बेसाल्ट आहे. काष्टीच्या कुठल्याही विहिरीतून निघतो तो काळा पाषाणही बेसाल्टच. बुलढाण्याचे लोणार सरोवर म्हणजे अशाच खडकात अशनी आदळून पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. चंद्रावरचे खड्डे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याच्याकडे पाहतात. अमेरिकेला मात्र १९६७ मध्ये ॲरिझोनाच्या माळावर सुरुंग लावून खड्डे पाडावे लागले होते, चंद्रवीरांना सराव करता यावा म्हणून. त्या चंद्रवीरांना चंद्राकडे वरून कसे बघायचे हे शिकवणाऱ्यांत इजिप्तचे फारूक अल-बाझ होते, ही गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलांना फार आवडते.

उर्दू शाळेत शिकवणारा आणि मराठीत लिहिणारा माणूस दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसलेला असतो. एकच शब्द इकडे एक अर्थ सांगतो, तिकडे दुसरा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, आणि नाटकाचा सरावही. उर्दूत नक़्ल म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात बघून लिहिणे. मराठीत नक्कल म्हणजे हसवण्यासाठी दुसऱ्याचा आवाज काढणे. लडाखातली ती दोन माणसे यांतले नेमके काय करत होती? बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात येतो तेव्हा तो आपल्याला फसवत नाही, कारण तो पोलीस नाही हे दोघांनाही ठाऊक असते. पण त्याने सोंगाच्या जोरावर पावती फाडली तर तो गुन्हा.

आमच्या काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार दूरदूरवर माहीत आहे. तिथे बैल घेणारा माणूस दात बघतो, खुर बघतो, पाठीवर थाप मारतो आणि मग म्हणतो, जुंपून दाखवा. बैल गाडीला जुंपतात, चार फेऱ्या होतात. ही तालीमच. माझे एक चाचा या व्यवहारात मुरलेले. ते सांगायचे, "बाजार में चला तो खेत में चलेगा, ऐसा नहीं. पर बाजार में नहीं चला, तो खेत में चलेगा ही नहीं." चंद्राच्या तालमीबद्दल मी वाचले त्यात यापेक्षा नेमके काही सापडले नाही.

आता दाराकडे येतो. ॲरिझोनाच्याच वाळवंटात सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे एका प्रचंड काचघरात शिरली. त्याचे नाव बायोस्फीअर २. आत शेती, झाडे, छोटा समुद्रसुद्धा. दोन वर्षे बाहेरून काही घ्यायचे नाही असा निश्चय. दोन आठवडेही झाले नव्हते तोच त्यांच्यातल्या एका बाईच्या बोटाचे टोक भाताच्या यंत्रात सापडून तुटले. शस्त्रक्रियेसाठी तिला बाहेर न्यावे लागले. काही तासांत ती परतली, पण येताना तिच्याबरोबर सामानाची पिशवी आत गेली. पुढे आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरला. माणसांना जिना चढताना धाप लागू लागली, आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. लोकांनी या प्रयोगाची टर उडवली. बंद म्हणता आणि दार उघडता!

मला ती टर अर्धीच बरोबर वाटते. बोट तुटलेल्या बाईला आत कोंडून ठेवणे हा विज्ञानाचा नव्हे, वेडेपणाचा नमुना झाला असता. गुदमरणाऱ्याला प्राणवायू देणे हेही योग्यच. चुकले ते दार उघडण्यात नाही. काय आत गेले, कधी गेले, हे लोकांना मोकळेपणाने आणि वेळेवर सांगितले गेले नाही, तिथे चुकले. बहुरूप्याने पावती फाडली ती तिथे. याउलट हवाई बेटावर मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर अशाच एका घुमटात फेब्रुवारी २०१८ मध्ये चार जणांची मोहीम सुरू झाली. चौथ्याच दिवशी एकाला विजेचा धक्का बसला. त्याला रुग्णालयात नेले आणि मोहीम तिथेच थांबवली. आठ महिन्यांची मोहीम चार दिवसांत संपली. बाहेरून बघणाऱ्याला ही फजिती वाटेल. मला ती तालीम यशस्वी झालेली वाटते. चंद्रावर रुग्णवाहिका येणार नाही, घरापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर विजेचा धक्का बसला तर काय करायचे, हा प्रश्न पृथ्वीवरच पडला हे बरे झाले.

रोजा ठेवणाऱ्याला यातले काहीच नवे वाटू नये. मे महिन्यातला रोजा असेल, दुपार टळत आलेली असेल, आणि आपण असरच्या नमाजसाठी वुजू करत असू. हातात थंड पाणी आहे. तोंडात पाणी आहे. घसा दोन बोटांवर आहे. पाहणारे कुणी नाही. आपण चूळ टाकून देतो. दार उघडे असून न उघडणे हे आपण दरसाल महिनाभर करतो आणि त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. कारण तिथे नीयत आहे. आणि सूट कुणाला, हेही आधीच ठरलेले आहे. आजाऱ्याला सूट आहे, प्रवाशाला आहे. २०२३ च्या रमजानमध्ये संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नेयादी अंतराळ स्थानकात होते. त्यांनी आधीच सांगितले होते की मी प्रवासी आहे, माझ्यावर रोजा बंधनकारक नाही. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुसझफर शकूर स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्या देशातल्या उलेमांनी नियम लिहून दिले होते. किब्ला जमेल तसा धरावा, काबा नाही तर पृथ्वी, तेही नाही तर जिकडे जमेल तिकडे. नमाजच्या वेळा जिथून यान उडाले तिथल्या धराव्यात. हे सांगितल्यावर वर्गात एका मुलीने विचारले, "सर, चांद पे रहनेवालों को ईद का चांद कहां दिखेगा?" सगळे हसले. पण प्रश्न चांगला होता. त्यांना चंद्र पायाखाली असेल. आणि आपण इथे गच्चीवर चढून ती बारीक कोर शोधत असू, तेव्हा तिथून आपली पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोल दिसत असेल.

असो. विषय रोजाचा निघाला म्हणून एक गोष्ट कबूल करतो. गरिबाची भूक कळावी म्हणून रोजा, असे आपण मुलांना शिकवतो. मीही दहा वर्षे शिकवत आलो. हल्ली ते वाक्य उच्चारताना जीभ अडखळते. मशिदीच्या भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकात इफ्तारची वेळ मिनिटासकट छापलेली असते. खजूर धुऊन ठेवलेला असतो. त्या वेळापत्रकाखाली बसून मला माझी भूक कळते, माझा राग कळतो, चहावाचून माझे डोके किती दुखते ते कळते. पण ज्याच्या ताटात मगरीबनंतरही काही पडणार नाही, त्याची भूक मला कळली असे म्हणण्याचा अधिकार मला कुठून मिळाला? रोजा खोटा नाही. त्यातून मी काढलेला दावा मोठा आहे.

हाच दावा चंद्राच्या तालमीबाबतही तपासावा लागतो. त्सो कारचे खोरे चंद्रासारखे आहे म्हणून निवडले. पण त्याच खोऱ्यात चांगपा नावाचे मेंढपाळ पिढ्यान्पिढ्या आपली पश्मिना बकऱ्यांची आणि याकांची खांडे घेऊन फिरतात. याकाच्या केसांपासून विणलेल्या तंबूत राहतात. तीच थंडी, तीच विरळ हवा, तेच खारे पाणी. त्यांच्यासाठी ते परग्रह नव्हे, चराई आहे. त्यांच्यासाठी मोहिमेचा अकरावा दिवस नसतो.

माझी दादी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, एवढेच ती त्या वर्षाबद्दल सांगायची. बाकीचे सांगताना हात हलवून सोडून द्यायची. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपोलो १७ चे दोघे चंद्रावर तीन दिवस होते. त्यांच्यानंतर चंद्राच्या मातीला माणसाचा पाय लागलेला नाही. शिकत असताना या दोन तारखा जुळल्याचे माझ्या लक्षात आले, आणि मी मोठ्या उत्साहाने दादीला सांगितले. मला वाटले ती चिडेल, किंवा म्हणेल की आम्ही इथे उपाशी आणि ते तिथे उड्या मारत होते. तिने एवढेच विचारले, "लौट के आए ना घर?" मी हो म्हणालो. "फिर ठीक है," ती म्हणाली.

आता वर्गात काय झाले ते लिहायला हवे. त्याच्यासाठीच लिहायला बसलो, आणि इतका वेळ चंद्रावर फिरत राहिलो.

मुलाचा तो प्रश्न मला सोडत नव्हता. म्हणून मी ठरवले की आपणही एक तालीम करू. इतवारच्या फजरपासून सोमवारच्या फजरपर्यंत प्रत्येकाने दहा लिटर पाण्यात राहायचे. पिणे, वुजू, अंघोळ, स्वतःची भांडी, सगळे त्यात. चंद्रावरच्या तळाला पाणी असेच मोजून वापरावे लागेल. घरच्यांना सक्ती नाही, ज्याला त्रास होईल त्याने सोडून द्यावे. आणि अनुभव वहीत लिहून आणावा, दहा गुणांसाठी. मुले खूश. एकाने बादलीवर इस्रो लिहिले.

सोमवारी वह्या आल्या. कुणी अंघोळीला दीड तांब्या वापरला होता. कुणी आईशी भांडला होता. एकाने लिहिले की संध्याकाळी बादलीकडे बघताना आपण खरेच चंद्रावर आहोत असे वाटले. शेवटच्या बाकावरच्या आमच्या त्या तत्त्वज्ञाने लिहिले होते: रात को ग्यारह बजे नल खोल के दो गिलास पानी पिया, किसी ने नहीं देखा. त्याच्या प्रामाणिकपणावर मी खूश झालो आणि त्याला आठ गुण दिले.

एका मुलीने तीनच ओळी लिहिल्या होत्या. हमारे घर में नल नहीं है. मैं पड़ोस के बोर से चार हंडे लाती हूं. उस दिन भी चार लाई.

मी खाली शेरा मारला, तजुर्बा बयान नहीं किया. गुण दिले चार.

रात्री जेवताना माझ्या बायकोने सहज विचारले, आज वर्गात काय झाले. मी वह्यांतले किस्से सांगू लागलो. त्या मुलीच्या वहीपाशी आलो आणि मनात हिशेब सुरू झाला. हंडा पंधरा लिटरचा धरला तर चार हंडे म्हणजे साठ लिटर. तिच्या घरात माणसे सहा, हे मला हजेरीपुस्तकाबरोबर भरलेल्या माहितीवरून ठाऊक होते. साठ भागिले सहा. घास हातातच राहिला.

मी जी तालीम एका दिवसासाठी मोठ्या थाटात आखली होती, ती त्या घरात रोज चालत होती. नीयत कुणी केली नव्हती. फजर झाली म्हणून ती संपत नव्हती. नळ उघडणाऱ्या मुलाला मी आठ गुण दिले होते आणि जिच्या घरात उघडायला नळच नाही तिला चार. माझ्या प्रयोगात चूक कुठे होती? दहा लिटरच्या आकड्यात नव्हती. आकडा तर इतका बरोबर निघाला की मलाच लाज वाटली. माझ्या प्रश्नपत्रिकेत चूक होती. दार बंद करून घेतल्यावर काय वाटते एवढेच मी विचारले होते, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या घरात दारे उघडीच असतात असे धरून चाललो होतो.

म्हणून अशा तालमी करू नयेत, असे मला म्हणायचे नाही. लडाखातल्या त्या दोघांनी थंडीत दहा दिवस काढले, त्यांच्या शरीराच्या आणि मनाच्या नोंदी डॉक्टर-संशोधक तपासतील, त्यातून पुढे जाणाऱ्याचा जीव वाचेल. माझी दादी म्हणाली असती तसे, घरी परत येणे महत्त्वाचे. पण पाणी कसे पुरवून वापरावे हे शोधायला घुमट उभारताना, शेजारच्या तंबूतल्या चांगपा बाईला कुणी विचारले तर तेही विज्ञानच ठरेल असे मला वाटते. ती काही सोंग आणत नाही, त्यामुळे तिची वही कोरी दिसते एवढेच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बोलावले. वही तिच्यासमोर धरली. म्हणालो, "बेटा, गलती मेरी है." ती घाबरली. सर गलती कबूल करत आहेत म्हणजे आपलेच काहीतरी मोठे चुकले असणार, असा तिचा चेहरा झाला. मग मी विचारले, तू जास्त का लिहिले नाहीस? चार हंड्यांत सहा माणसे कशी भागवता, तांदूळ धुतलेले पाणी कुठे जाते, आधी अंघोळ कुणाची, हे सगळे तर तुला वर्गात सर्वांत जास्त माहीत आहे.

ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, मुझे लगा, जो अलग हुआ वो लिखना है."

वही अजून माझ्या कपाटात आहे. चार खोडला आहे. शेराही खोडला आहे. त्या जागी काय लिहावे हे ठरत नाही म्हणून ती मी परत दिलेली नाही, आणि तिने दोनदा मागितली आहे.